पाणी आणायला उठल्यासारखा आवाज

काकू माणसांना चेहऱ्यावरून ओळखत नसत. भोपाळमधल्या बरखेड्याच्या बाजारात समोरून कोणी हसत आलं तरी त्या सरळ पुढे निघून जात. मग त्या माणसाने मागून "नमस्ते मॅडम" म्हटलं की जागच्या जागी थांबत, डोळे मिटत आणि म्हणत, "हां, फाउंड्रीवाले! घुटना कैसा है अब?" डोळे उघडण्याआधी माणूस पुरता ओळखलेला असे. नवीन लोकांना हा गर्व वाटे. जुने लोक लांबूनच आवाज देत येत.

कारखान्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. हेडफोनच्या पट्टीने त्यांच्या केसांत एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत खाच पडली होती, ती रविवारीसुद्धा बुजत नसे. दारात वाकून रांगोळी काढायला लागल्या की उभा भांग आणि ही आडवी खाच मिळून डोक्यावर बेरजेचं चिन्ह दिसे. बोलण्यातही एक्स्चेंज शिरलं होतं. दूध उतू जायला आलं की समोरच्याला "लाइनवर राहा" असं सांगून त्या आत पळत. कोणी नको त्या चौकशा सुरू केल्या की "राँग नंबर" म्हणत आणि विषय मिटे.

नको त्या चौकशा बहुतेक एकाच गोष्टीच्या असत. काकूंचं लग्न झालेलं नव्हतं. वडील गेल्यावर त्या अमरावतीहून नोकरीसाठी भोपाळला आल्या. धाकट्या भावंडांची लग्नं त्यांनी केली, आणि मग कोणीच त्यांचा विषय काढला नाही. आम्ही त्यांच्या खालच्या क्वार्टरमध्ये राहायला आलो तेव्हा आईला प्रश्न पडला की मी त्यांना काकू म्हणावं की मावशी. आईने तो संकोचत त्यांनाच विचारला. त्या म्हणाल्या, "काहीही म्हणू द्या ना वहिनी. काकू म्हटलं म्हणून कोणी काका दाखवायला तर लावत नाही?" आई इतकी गोंधळली की तिने त्यांना चहा विचारायच्या ऐवजी दोनदा पाणी दिलं.

बाबा पुण्याहून बदलून आले होते. मी टाउनशिपमधल्या इंग्रजी शाळेत होते. शाळेत इंग्रजी, बसमध्ये हिंदी आणि घरी मराठी, अशा तीन भाषा मला येत होत्या आणि तिन्हींमध्ये मी गप्प होते. पाहुणे आले की मी आतल्या खोलीत जाई. पुण्याच्या एका आत्याने एकदा आमच्या व्हरांड्यात बसून विचारलं, "ही बोलत नाही का गं मुळीच?" काकू जिन्यावरून उतरत होत्या. थांबल्या आणि म्हणाल्या, "लाइन डेड नाही ताई. होल्डवर आहे." आत्याला काही कळलं नाही. मला कळलं. मी तेव्हा नववीत होते, आणि माझी बाजू घेऊन कोणीतरी बोललं आहे हे मला खूप दिवस पुरलं.

आता पोपटाबद्दल.

मागच्या गल्लीतलं एक कुटुंब निवृत्त होऊन आपल्या गावी, बलियाला, निघालं होतं. त्यांच्याकडे एक म्हातारा पोपट होता. चोचीचं टोक झिजलेलं, एक पंख किंचित लोंबलेला, पायाची एक नखी नाही. एवढ्या लांबच्या गाडीत तो टिकायचा नाही म्हणून ते त्याला कोणाला तरी देऊन टाकायला बघत होते. कोणी घेत नव्हतं. काकू गेल्या, पिंजऱ्यासमोर डोळे मिटून उभ्या राहिल्या, त्याचा आवाज ऐकला आणि पिंजरा उचलून घरी घेऊन आल्या.

आई म्हणाली, "ताई, पाळायचाच होता तर पिल्लू आणायचं. शिकवलं तर शिकेल तरी. हा आता काय शिकणार?"

"पिल्लाला घर माहीत नसते वहिनी. याला माहीत आहे. दार काय, कडी काय, आलं-गेलेलं माणूस काय. अर्धं शिक्षण झालेलं आहे त्याचं."

ते अर्धं शिक्षण आम्हाला त्याच संध्याकाळी ऐकायला मिळालं. आधीच्या घरातले साहब नाइट शिफ्ट करून दुपारी झोपत आणि त्यांच्या पत्नी दारावर येणाऱ्या प्रत्येकाला परतवून लावत. त्यामुळे कडी वाजली की पोपट खणखणीत बायकी आवाजात विचारे, "कौन है?" आणि उत्तराची वाट न बघता सांगे, "बाद में आना!" अधूनमधून तो साहबांसारखा खोकेही. जुन्या विडी ओढणाऱ्याचा, छातीतून वर येणारा, शेवटी घसा खाकरून संपणारा खोकला.

त्या खोकल्याने आठवडाभर गल्लीत खळबळ होती. एकट्या बाईच्या क्वार्टरमधून भरदुपारी पुरुष खोकत होता, आणि तेही बाई ड्यूटीवर असताना. समोरच्या शर्मा आंटी आईला म्हणाल्या, "भाभी, हमें क्या करना, पर ऊपर कोई आया है क्या?" शेवटी सिक्युरिटीवाला वर चढला आणि त्याने कडी वाजवली. आतून उत्तर आलं, "कौन है? बाद में आना!" तो बिचारा "जी मैडम" म्हणून खाली उतरला. उतरून सायकलपाशी आल्यावर त्याला दिसलं की मॅडम तर समोरून भाजी घेऊन येत आहेत.

काकूंनी त्या खोकल्यावरून पोपटाचं नाव साहेब ठेवलं. "मिठू नाव काऊन ठेवायचं? त्याचं वय पाहा. मानाने बोलवा." खोकला सोडवायला हवा असं कोणी सुचवलं तर त्यांना आवडत नसे. "असू द्या. घरात खोकणारं कोणी असलं की घर मोठं वाटते."

पण एक गोष्ट त्यांना बदलायची होती. रोज दुपारी पहिली शिफ्ट संपवून त्या जिना चढत आणि कुलूप काढत, आणि त्यांच्याच घरातून त्यांना सांगितलं जाई, "कौन है? बाद में आना!"

"अरे, माझंच घर आहे बाप्पा," हे त्यांचं उत्तर मला खाली ऐकू येई. पहिल्यांदा मी हसले. नंतर ते ऐकताना मला हसू येईनासं झालं.

काकूंना साहेबाला एकच वाक्य शिकवायचं होतं. "आली का गं?" एवढंच. रामराम नको, देवाचं नाव नको. अमरावतीला त्या कॉलेजातून घरी येत तेव्हा त्यांची आई स्वयंपाकघरातून हे विचारत असे, आणि विचारता विचारताच पाण्याचा तांब्या भरायला उठत असे. त्यानंतर त्यांना ते कोणी विचारलेलं नव्हतं.

आणि हे वाक्य त्यांना एका ठरावीक दिवसासाठी हवं होतं. ते समजायला आमच्या कॉलनीची एक रीत सांगायला हवी. महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होणाऱ्याला त्याच्या विभागातले लोक घरी पोहोचवायला येत. उघडी जीप, गळ्यात नाकापर्यंत झेंडूचे हार, पुढे ढोल. जीप क्वार्टरसमोर थांबली की दारात बायको ओवाळणीचं ताट घेऊन उभी असे, तिलाही एक हार पडे, लाडू वाटले जात. त्या दिवशी दुपारनंतर कॉलनीत कुठे ना कुठे ढोल ऐकू येई. काकू तेव्हा हातातलं काम सोडून गॅलरीत येत. डोळे मिटून आणि उजवा कान पुढे करून त्या ऐकत. "बी सेक्टर," त्या म्हणत. "थांबली जीप... आहे बाई दारात. बांगड्या वाजल्या." मग निःश्वास टाकून आत जात. त्या एवढ्या लांबच्या बांगड्या त्यांना खरंच ऐकू येत की नाही, हे मी कधी विचारलं नाही.

त्यामागे एक प्रसंग होता, तो त्यांनी मला एकदा वाटाणे सोलताना सांगितला. कारखान्याच्या दवाखान्यातली एक नर्स निवृत्त झाली, तीही एकटी राहणारी. जीपमध्ये काकू तिच्या शेजारी बसल्या होत्या. जीप थांबली, ढोल जोरात वाजला आणि सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. दाराला कुलूप होतं. असणारच. पण आणणाऱ्यांपैकी कोणाच्याही ते डोक्यात आलं नव्हतं. हारांच्या ओझ्याखाली ती पर्समध्ये किल्ली शोधत राहिली. किल्ली सापडेना. ढोलवाला थांबला, मग त्याला वाटलं की थांबणं बरं दिसत नाही, म्हणून पुन्हा हळूहळू वाजवायला लागला.

"तो ढोल," काकू म्हणाल्या. एक वाटाणा त्यांनी उगीचच दोनदा पुसला. "मी तिला काही बोलले नाही. पण मनात म्हटलं, माझ्या वेळेला आतून कोणी बोललं पाहिजे."

आईने हे ऐकल्यावर लगेच सांगितलं, "ताई, त्यात काय! मी उभी राहीन की ताट घेऊन."

"तुम्ही राहाल वहिनी, मला माहीत आहे. पण लोक म्हणतील, बिचारीसाठी शेजारीण उभी राहिली. माझ्या घरातल्याने बोललं पाहिजे. साहेब घरचा आहे."

त्यांच्या निवृत्तीला तेव्हा जेमतेम दीड वर्ष राहिलं होतं.

सुरुवातीला त्या त्याच्यासमोर बसून "आली का गं, आली का गं" असं म्हणत राहिल्या. साहेब डोळ्यांवर पापण्या ओढून घेई आणि झोपे. मग काकूंनी एक्स्चेंजच्या बाईसारखा विचार केला. "बाद में आना" हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. कडी वाजली की कोणीतरी दुसऱ्या कोणालातरी ते म्हणे, म्हणून त्याला ते आलं. म्हणजे त्याच्याशी बोलून उपयोग नाही. त्याच्यासमोर दोन माणसांनी बोलायला हवं. दुसरं माणूस कुठून आणायचं? त्या खाली आल्या.

"पोरी, तुला काही बोलायचं नाही. फक्त दारातून यायचं आहे."

मला जमेल असं काम आयुष्यात पहिल्यांदाच कोणी मला दिलं होतं.

मग रोज दुपारी जेवण झालं, आई जरा पडली, की मी वर जाई. कडी दोनदा वाजवायची. काकू आतून म्हणत, "आली का गं?" मी आत जायचं. मग पुन्हा बाहेर. पुन्हा कडी. पुढे पुढे त्यांनी मला उत्तरही दिलं, "आले." त्या म्हणत, "उत्तर नसलं तर त्याला वाटेल, प्रश्न वाया गेला." साहेब खिडकीच्या गजावर बसून हिरवी मिरची सोलत आमच्याकडे एका डोळ्याने बघे. जिन्यावरून जाणाऱ्या शर्मा आंटींनी मला एका दुपारी चार वेळा आत आणि चार वेळा बाहेर जाताना पाहिलं आणि आईला सांगितलं, "बिटिया को डॉक्टर को दिखा दो."

त्या दुपारींमध्ये काय होतं हे मला आजही नीट सांगता येत नाही. वर्गात माझं नाव पुकारलं की माझ्या कानशिलांत ठोके पडत. इथे मी दारात उभी राही आणि आतून मला कोणीतरी विचारे, आणि प्रत्येक वेळी त्यांचा आवाज खरा असे. दहाव्या वेळीसुद्धा. मी जणू खरंच कुठून तरी दमून आले आहे असा. आईचं माझ्यावर प्रेम होतं, पण तिची शाळा, तिचे पेपर तपासणं, तिची डोकेदुखी. तिने दार उघडताना "चपला बाहेर" एवढंच म्हटलेलं मला आठवतं. मला वाटतं, मी त्या नाटकासाठी जात नव्हते.

एकदा माझा गणिताचा पेपर फार वाईट गेला. मी दप्तरासकट तशीच वर गेले, कडी वाजवली आणि "आली का गं?" ऐकून दारातच रडायला लागले. काकू साहेबाला म्हणाल्या, "पाहून घे साहेब, असंही येतात लोक." मग उठून पाणी आणलं.

साहेब बोलला तो पावसाळा संपता संपता. मी नेहमीप्रमाणे कडी वाजवली. "आली का गं?" मी म्हटलं, "आले," आणि आत गेले, तर काकू मोरीपाशी तोंडावर हात ठेवून उभ्या. त्या बोललेल्याच नव्हत्या. गजावर साहेब मान वाकडी करून माझ्याकडे बघत होता. पुन्हा म्हणाला, "आली का गं?" हुबेहूब काकू. तो शेवटचा किंचित वर गेलेला सूरसुद्धा. काकूंनी त्याला गुळाचा एवढा मोठा खडा दिला की तो चोचीतून पडला.

दुसऱ्या दिवशी त्या शिफ्टवरून येताना पेढे घेऊन आल्या. मला त्यांनी जिन्याशी उभं केलं, साक्षीदार म्हणून. पदर सारखा केला, कुलूप काढलं आणि कडी दोनदा वाजवली.

"कौन है? बाद में आना!"

त्यांनी दार ओढून घेतलं आणि पुन्हा वाजवलं. "बाद में आना!" मग त्यांनी मला खूण केली. मी वाजवली, आत पाऊल टाकलं. "आली का गं?" त्या गेल्या, "बाद में आना!" मी गेले, "आली का गं?"

काकू पेढ्यांचा पुडा मांडीवर घेऊन जिन्याच्या पायरीवर बसल्या. मग त्यांना हसू फुटलं, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"अगं, त्याचं बरोबर आहे. तू आली की विचारायचं, हे आपण त्याला शिकवलं. मी आली की विचार, असं कोणी शिकवलं त्याला? मी तर कायम आतच बसून होती!"

एवढ्या दुपारी आम्ही दोघींनी मिळून दारातून येण्याचा सराव केला होता, आणि येणारी नेहमी मीच होते. जिला यायचं होतं, ती एकदाही आली नव्हती.

"आता काय?" मी विचारलं.

"आता तू आत बस," त्या म्हणाल्या. "मी येते."

दुसरी किल्ली मला मिळाली. शाळेतून आले की मी त्यांच्या क्वार्टरमध्ये जाऊन बसायचं. साहेब मला विचारे, मी "आले" म्हणे. मग शिफ्ट सुटल्याचा भोंगा वाजला की सावध व्हायचं, जिन्यावर त्यांच्या चपला ऐकू आल्या, कडी दोनदा वाजली, की मी म्हणायचं.

मला ते जमेना. ज्यांना मी "तुम्ही" म्हणत होते त्यांना "आली का गं" कसं म्हणणार? पहिल्या दिवशी मी काहीतरी पुटपुटले. त्या आत येऊन म्हणाल्या, "एक्स्चेंजला असा आवाज आला असता तर मी म्हटलं असतं, ट्रंक कॉल आहे, केबल समुद्रात बुडाली आहे." दुसऱ्या दिवशी मी धीर करून मोठ्याने "आलीस का?" म्हटलं. "हे तुमचं पुण्याचं आहे. हजेरी घेतल्यासारखं वाटते. पुन्हा."

त्या बाहेर गेल्या. कडी. मी म्हटलं. "नाही. चोर आल्यासारखं विचारून राहिली तू." पुन्हा कडी. "आता बरं आहे, पण बसून बोलली. बसून बोललेलं कळते बाहेर. उभं राहावं लागत नाही, पण आवाज उठला पाहिजे. पाणी आणायला उठल्यासारखा आवाज पाहिजे."

मी घरी आरशासमोर ते वाक्य म्हणून पाहिलं. कोणत्याही वक्तृत्व स्पर्धेसाठी मी तेवढी मेहनत केली नसती. कधी जमलं ते मला कळलं नाही. एका दुपारी मी म्हटलं, दार उघडलं आणि काकू आत आल्या. चुकलं असं म्हणाल्या नाहीत, पुन्हा असंही म्हणाल्या नाहीत. नुसत्या "आले गं" म्हणाल्या आणि चपला काढून जागेवर ठेवल्या. खऱ्याच घरी आल्यासारख्या.

साहेब मात्र ढिम्म. तो सगळं बघे, खोके, आणि माझा आवाज संपला की वर आपलं जोडी, "बाद में आना!" मला दहावीचा अभ्यास होता, काकूंचे महिने सरत होते. त्या कधी चिडल्या नाहीत. पण गॅलरीतून ढोल ऐकताना आता त्या "बाई आहे दारात" असं म्हणेनाशा झाल्या. नुसत्या ऐकत.

शेवटच्या दिवशी सकाळी त्या नेहमीसारख्या ड्यूटीला गेल्या. जाताना साहेबाच्या पिंजऱ्यापाशी उभ्या राहिल्या. "आज एकदा," त्याला म्हणाल्या. मला काहीच म्हणाल्या नाहीत. आदल्या दिवशी एवढंच म्हणाल्या होत्या, "दाराला कुलूप नको लावू. आत राहा, म्हणजे साहेब घाबरणार नाही." मला लोकांसमोर यावं लागू नये, याची काळजी त्यांनी त्या दिवशीही घेतली होती.

जीप आली तेव्हा ढोलाने खिडकीच्या काचा थरथरत होत्या. साहेब पिंजऱ्याच्या कोपऱ्यात अंग चोरून बसला होता, पिसं फुगवून, चोच छातीत. मी त्याच्याकडे बघत होते. म्हण ना रे, म्हण. जिन्यावर पुष्कळ पावलं वाजली. त्यांत काकूंच्या चपला मला ओळखू आल्या. त्या दारापाशी थांबल्या आणि ढोलही थांबला. त्या शांततेत कोणीतरी म्हणालं, "मैडम, चाबी?"

मग कडी वाजली. दोनदा.

साहेबाने "कौन है" म्हटलं नाही. तो खोकलासुद्धा नाही. त्याच्याकडून काहीही आलं नाही.

दारापलीकडे निम्मं एक्स्चेंज उभं होतं. माझ्या कानशिलांत ठोके सुरू झाले होते, वर्गात होत तसेच. मी भिंतीला टेकून बसले होते. बसून बोललेलं कळतं बाहेर. मी उठले.

"आली का गं?"

तो माझा आवाज नव्हता, असं मला वाटलं. त्यांच्याकडूनच मी तो घेतला होता, शेवटच्या सुरासकट. बाहेर एकदम ओरडा झाला. "अरे! तोता बोला! मैडम का तोता बोला!" टाळ्या पडल्या. कोणी शिट्टी मारली. ढोल असा वाजायला लागला की साहेब पिंजऱ्याच्या तळाशी उतरला. एक जाडा आवाज म्हणाला, "मैडम, ये तो पक्का मराठी हो गया!"

आणि काकूंचा आवाज आला, अगदी सावकाश, "होना ही था. घर किसका है?"

त्यांनी दार जेमतेम एका माणसापुरतं उघडलं, आत आल्या आणि पाठीमागे लोटून घेतलं. नाकापर्यंत हार होते, केसांतली ती आडवी खाच गुलालाने भरली होती. त्या माझ्याकडे बघत होत्या, उघड्या डोळ्यांनी. मला वाटतं, त्यांनी माझा चेहरा नीट पाहिला तो तेव्हाच.

"आले गं," त्या म्हणाल्या.

मी पाणी आणायला गेले. परत आले तोवर त्यांनी दार सताड उघडून सगळ्यांना आत बोलावलं होतं म्हणून मी मोरीच्या पडद्यामागेच उभी राहिले, हातात तांब्या घेऊन. लोक साहेबाला लाडू भरवू पाहत होते. तो त्यांच्यावर खोकत होता. पोपट बोलला, हेच कॉलनीत कायमचं ठरलं. काकूंनी ते कधी दुरुस्त केलं नाही. मीही नाही.

पंधरवड्यात त्यांनी क्वार्टर सोडलं. भाचीने अमरावतीहून गाडी आणली होती. पिंजरा पुढच्या सीटवर ठेवून काकू मागे बसल्या, कारण साहेबाला बैतूलच्या घाटात बाहेर बघता यायला हवं होतं. मी खाली उभी होते. काही म्हणावं असं फार वाटत होतं. त्या काच खाली करून म्हणाल्या, "लाइनवर राहा."

आता बाबाही निवृत्त झाले. त्यांची जीप आली तेव्हा आई दारात होती. ते दोघे पुण्याला परतले, मी इथेच, भोपाळला राहिले. महाराणा प्रताप नगरमध्ये नोकरी करते, नेहरू नगरमध्ये दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आहेत. ऑफिसात मी फार बोलत नाही, पण फोनवर माझा आवाज चांगला आहे असं लोक म्हणतात.

संध्याकाळी मी जिना चढत असते तेव्हा कधी कधी अमरावतीहून फोन येतो. काकूंना आता ऐकू येत नाही. आधी डावा कान गेला, मग हळूहळू उजवाही. माझं बोलणं त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. तरी त्या भाचीला नंबर लावायला सांगतात, आणि विचारतात, "आली का गं?" आवाज आता चिरका झाला आहे, खूप मोठा, बहिऱ्या माणसांचा असतो तसा. विचारून झालं की त्या फोन पिंजऱ्यासमोर धरतात. हे मला भाचीने सांगितलं. मी इकडून म्हणते, "आले." माझा आवाज ऐकून साहेब पुढे सरकतो, मान वाकडी करतो, आणि त्याची चोच हलते. ती हलताना दिसली की काकू घरातल्या सगळ्यांना सांगतात, "पोहोचली घरी."

तो काय म्हणतो हे त्यांना कळत नाही. मला ऐकू येतं. तो म्हणतो, "आली का गं?" काकूंच्या त्या वेळच्या आवाजात, शेवटी थोडा वर जाणाऱ्या. काकूंना एवढी वर्षं जे हवं होतं ते आता त्यांच्या घरात, त्यांच्या हातभर अंतरावर कोणीतरी म्हणत असतं, आणि ते माझ्याकडे येतं. मी पुन्हा एकदा "आले" म्हणते. तोवर त्यांनी फोन ठेवलेला असतो.

मला अमरावतीला जायचं आहे. दार त्यांच्या समोर यावं अशा जागी त्यांना बसवायचं, की बाहेर उभं करून आत यायला लावायचं, हे माझं अजून ठरत नाही. ऐकू येणार नसेल तर मी आतून काय म्हणणार? पण पाण्याचा तांब्या घेऊन उठलेलं माणूस तरी त्यांना दिसेल, असं वाटतं. दर सुट्टीला ठरवते.

फोन आता कमी येतात. ज्या दिवशी येत नाही, त्या दिवशी मी कुलूप काढते, पण दार लगेच ढकलत नाही. कडी दोनदा वाजवते. शेजारचे काय म्हणत असतील कोण जाणे. थोडी थांबते, आणि मग "आले" म्हणून आत जाते.